पिंपातला समुद्र : पाण्याखालच्या कॅमेऱ्यासाठी मुंबईत चार दिवस

गुरुवार, पौर्णिमा

तुतारी एक्सप्रेस दादरला लागली तेव्हा नीटसं उजाडलंही नव्हतं. खांद्यावर एक बॅग, पोटाशी बांधलेले दीड लाख रुपये आणि मोबाइलमध्ये पाच पानी यादी. ती यादी पुढच्या चार दिवसांत जवळजवळ सगळी खोडली गेली, पण ते तेव्हा कुठे माहीत होतं.

मी चिपळूणचा. लग्नं, मुंजी, बारशी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस चित्रित करत सोळा वर्षं काढली. तारकर्लीला एक मित्र डायव्हिंगचा व्यवसाय करतो, त्याने गळ घातली की सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर पाण्याखाली जे दिसतं त्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ करून दे. खोली आठ-दहा मीटर. गेल्या वर्षी त्याच्याकडेच डायव्हिंगचा पहिला कोर्स केला होता, तेवढंच माझं भांडवल. दिवसही त्याने ठरवून टाकला होता : येत्या अमावास्येच्या आसपासचा शनिवार-रविवार.

गिरगावात आत्याकडे सामान टाकलं, चहा घेतला आणि थेट फोर्ट. बोरा बाजार, बझारगेटच्या गल्ल्यांतली कॅमेऱ्याची दुकानं अकराशिवाय डोळे उघडत नाहीत, हे दरवेळी विसरतो. मग सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी खाऊन वेळ काढला. चिपळूणहून निघताना मनात एकच चित्र होतं : माझ्याच मिररलेस कॅमेऱ्याला ॲल्युमिनियमचं भारी हाउसिंग, म्हणजे पाणी आत न येऊ देणारं कवच, पुढे काचेचा घुमट, दोन्ही बाजूंना दिवे. परदेशी माहितीपटांत दाखवतात तसं.

पहिल्या दुकानदाराने त्या चित्राला पाच मिनिटांत टाचणी लावली. त्याने विचारलं, "कॅमेरा कुठला?" मी मॉडेल सांगितलं. "पुढच्या वर्षी बदलणार?" म्हटलं, दोन-तीन वर्षांत बदलावाच लागतो. "मग हाउसिंगही बदला." हाउसिंग हे त्या एका मॉडेलच्या बटणांवर बेतून केलेलं असतं. कंपनीने नव्या मॉडेलमध्ये एक बटण चार मिलिमीटर सरकवलं की जुनं हाउसिंग शोभेला. शिवाय अशा हाउसिंगची किंमत कॅमेऱ्याएवढी, कित्येकदा त्याहून जास्त. घुमट वेगळा घ्यायचा, त्याचे वेगळे पैसे. मी मान डोलावत ऐकत होतो आणि पोटाशी बांधलेले दीड लाख हलके हलके होत चालले होते.

घुमट का लागतो, हे मात्र त्याने छान समजावलं. टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यात पाणी घालून त्यात पेन उभं केलं. शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं, पेन मोडल्यासारखं दिसतं ते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सपाट काचेतून पाण्यात पाहिलं की वस्तू पाव भागाने जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठी भासते. आपण वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी, लेन्स लावावी आणि पाण्यात शिरताच तिचं वाइडपण आपोआप कमी व्हावं, असा तो प्रकार. घुमटाकार काच ते वाइडपण परत देते, पण तिची स्वतःची एक खोड असते : लेन्सला खरी वस्तू दिसत नाही, घुमटाच्या थोडंच पुढे तयार झालेली तिची आभासी प्रतिमा दिसते. म्हणून फार जवळ फोकस होणारी लेन्स हवी. माझ्याकडची लग्नातली आवडती लेन्स त्यात बसत नव्हती.

दुपारी एका जिन्याखालच्या दुरुस्तीच्या खोपटात शिरलो. कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका, वय सत्तरीच्या पुढे, डोळ्याला भिंग. मागच्या फळीवर नारिंगी रंगाचा जाडजूड निकोनॉस ५ होता. मी त्याच्याकडे बघतोय हे त्यांनी हेरलं आणि तो खाली काढून हातात दिला. फिल्मचा, फक्त फोटोंचा कॅमेरा, व्हिडिओशी संबंध नाही. पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी. समुद्रशोधक झाक कूस्तोच्या सांगण्यावरून झां द वूटर्सने असा कॅमेरा घडवला, ज्याला वेगळं कवचच लागू नये. पुढे निकॉनने तो घेतला आणि १९६३ साली निकोनॉस म्हणून बाजारात आणला. कॅमेरा आणि कवच एकच. काकांनी मागचं झाकण उघडून काळी रबरी कडी दाखवली. म्हणाले, "साठ वर्षं झाली, तंत्र बदललं का? सगळं या कडीवर. ही ओ-रिंग सांभाळणारा कॅमेरा सांभाळतो."

मग त्यांनी मला उलट प्रश्न केला, जो सोळा वर्षांत कुठल्याही गिऱ्हाइकाने केला नव्हता : "तिथलं पाणी कसं आहे?"

मी सांगितलं. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं, एरवी दोन-तीन, रंग हिरवा. काका हसले. "मग मोठा कॅमेरा नेऊन काय गढूळ पाण्याचा फोर-के काढणार?"

त्यांच्याकडे विकायला आलेला एक ऑलिंपस टीजी-६ होता, हाउसिंगसकट. खिशात मावणारा कॅमेरा. नुसता १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो, हाउसिंगमध्ये ४५ मीटरपर्यंत. मायक्रोस्कोप मोडमध्ये एक सेंटिमीटरवरची वस्तू फोकस करतो. उणीव ही की व्हिडिओत शटर आपल्या मुठीत राहत नाही, कॅमेरा स्वतःच्या मर्जीने चालतो. लग्नात मी ते कधीच खपवून घेतलं नसतं. पैसे अनामत ठेवून शनिवार संध्याकाळपर्यंत कॅमेरा घेऊन जायची परवानगी त्यांनी दिली. माझ्याकडचा दहा मीटरपर्यंत चालणारा छोटा गोप्रो बॅगेत होताच. दोन दिवे आणि ते लावायची पट्टी त्यांनीच कुणाकडून तरी आणून दिली.

संध्याकाळी आतोबांना सगळं दाखवलं. ते गोदीत नोकरीला होते. टीजी-६ हातात फिरवून म्हणाले, "आमच्या वेळी जहाजाचा तळ बघायला पाणबुडे उतरायचे. वर आल्यावर विचारलं की सांगायचे, इथे पत्रा उचकटलाय, तिथे शिंपले धरलेत. दिसायचं कुणाला काही? हाताने चाचपून बघायचे."

शुक्रवार, प्रतिपदा

सकाळी नागदेवी स्ट्रीट. ज्याला नट-बोल्ट, बेअरिंग, रबर, पाइप यांत रस नाही त्याने तिथे जाऊ नये, आणि ज्याला आहे त्याने एकट्याने जाऊ नये, परत यायचं भान राहत नाही. हाउसिंगची ओ-रिंग जुनी होऊन एका बाजूने चपटी पडली होती. मूळ कंपनीची रिंग मागवून घ्यायचीच, काकांनी बजावलं होतं, पण चाचणीपुरती मापाची दुसरी लावून बघू म्हटलं. दुकानदाराने व्हर्निअर लावला. आतला व्यास, जाडी, दोन आकडे कागदावर लिहिले आणि मागच्या खणांमधून बरोबर तीच काढून दिली, चार रुपयांच्या कसल्याशा वॉशरच्या शेजारून.

त्याने पाण्याखालचा कॅमेरा उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण पंप, वॉल्व्ह, कॉम्प्रेसर यांच्या रिंगा विकण्यात त्याचे वडील आणि आजोबा गेलेले. त्याने दोन गोष्टी सांगितल्या त्या मी कागदावर लिहून घेतल्या. एक, ग्रीस गळती थांबवत नाही. गळती रिंग दाबली जाऊन थांबते, ग्रीस फक्त रिंग सहज बसावी म्हणून, त्यामुळे नुसती चकाकी येईल एवढंच लावायचं. थापलं की त्यावर वाळू आणि धूळ चिकटते. दुसरी, काळ्या नायट्राइल रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, पण रिंगच सिलिकॉनची असेल तर तेच ग्रीस तिला फुगवू शकतं. तिथे रिंग बनवणाऱ्याने सांगितलेलंच वापरायचं.

आता चाचणी कुठे करायची? पोहण्याच्या तलावावर कॅमेरा नेऊ देत नाहीत आणि ते योग्यच आहे. समुद्र शनिवारी. उरलं आत्याचं पिंप.

चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. पहाटे पाणी आलं की आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग वापरायचं, अशी भरण्याची उतरंड असते. मोरीतल्या वापरायच्या पिंपाला हात लावायची परवानगी मिळाली तीही "दुपारी भांडी घासायच्या आत" या अटीवर. हाउसिंग रिकामं बुडवायचं, कॅमेरा आत नको, हा पहिला नियम. आत कॅमेऱ्याच्या जागी टिश्यू पेपरची घडी. कुठे थेंबभर जरी शिरला तरी कागद सांगतो. पण रिकामं हाउसिंग बुडेना, बुचासारखं वर यायचं. शेवटी त्याला सुतळीने आत्याचा वरवंटा बांधला.

"माझा वरवंटा?" आत्या.

"धुऊन देतो."

"धुऊन काय देतोस, पाण्यातच तर आहे तो."

अर्ध्या तासाने वर काढलं. कागदाचा एक कोपरा ओला. नव्या रिंगेचा, नवं ग्रीस लावलेल्या रिंगेचा हा पराक्रम. मी भिंग घेऊन कडी तपासली तर रिंगेवर आडवा पडलेला एक पांढरा केस. मनीचा. आत्याची ही मांजर सकाळपासून माझ्या उघड्या बॅगेत झोपली होती.

नुसता एक केस! रिंग आणि खाच यांच्यामध्ये त्याने एवढासा बोगदा केला आणि पाणी त्यातून चालत आत आलं. नंतर काकांना फोनवर सांगितलं तर त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, लोकांना वाटतं खोल गेल्यावर फुटतं. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, पण तो दाब रिंगेला उलट घट्ट बसवतो. कॅमेरे भिजतात ते बऱ्याचदा पहिल्या मीटरभरात, नाहीतर वर येऊन गोड्या पाण्यात धुताना. म्हणून पिंपातली चाचणी हसण्यावारी नेऊ नका.

दुसऱ्यांदा दार लावून घेतलं, मनीला बाहेर काढलं, रिंग बोटाच्या पेराने फिरवून फिरवून पाहिली. कागद कोरडा. मग कॅमेरा आत घालून आतोबांना पिंपात हात घालायला लावला आणि त्यांच्या अंगठीचं चित्रीकरण केलं. सपाट काचेमुळे हात खरोखरच जवळ आणि थोराड दिसत होता. आत्याची कुंकवाची लाल डबीही बुडवून पाहिली. लालच दिसली. हात-दीड हात पाण्यात रंग कुठे जातोय! समुद्रात पाच मीटरवर लाल मरगळतो, दहावर जवळपास गेलेला असतो, मागोमाग नारिंगी. खोल पाण्यात बोट कापलं तर रक्तसुद्धा हिरवट दिसतं म्हणतात. हे पिंप शिकवू शकत नव्हतं.

संध्याकाळी आत्याने मला सिलिका जेलच्या पुड्या जमवून दिल्या, चपलांच्या, पर्सच्या, औषधांच्या डब्यांतल्या. मुंबईची दमट हवा हाउसिंगमध्ये कोंडली आणि बाहेर पाणी गार लागलं की काचेवर आतून घाम धरतो. ती हवा कोरडी करायला या पुड्या. ओल्या झालेल्या पुड्या मंद आचेवर हळूहळू गरम करून पुन्हा वापरता येतात, हे सांगितल्यावर आत्याने तवा मागे लपवला.

शनिवार, द्वितीया

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे कोकणात लहानपणी पाठ असतं. द्वितीया म्हणजे दीड वाजता भरती, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. मिनिटांचा नेम नाही, पण सकाळी साडेसातच्या सुमारास सुकती मिळणार एवढं पक्कं. चर्नी रोडहून पहिल्या गर्दीच्या आधीची स्लो पकडली आणि वांद्र्याला उतरून कार्टर रोडच्या खडकांवर.

पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी होती, पाणी पार मागे सरलं होतं. काळ्या कातळात जागोजागी डबकी साचलेली. वरच्या रस्त्यावर धावणारे लोक, कुत्री फिरवणारे लोक, आणि खाली दोन फुटांच्या डबक्यात समुद्रफुलं, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, दगडावर गालिचासारखे पसरलेले झोअँथिड, प्रवाळांचे भाऊबंद. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना असे किनारे चालून दाखवतात, त्यामुळे आता हे पुष्कळांना माहीत आहे. मला नव्हतं. माझ्या लेखी मुंबईचा समुद्र म्हणजे गणपती विसर्जनाचं शूटिंग.

पालथा पडलो. आधी गोप्रो पाण्यात धरला. खेकडा वीतभर अंतरावर, चित्र धूसर. त्याचा फोकस एकदाच ठरलेला असतो, फार जवळचं त्याला दिसत नाही, चष्मा विसरलेल्या माणसासारखं. एक हात लांबून घ्यावं तर मधलं पाणी गढूळ. टीजी-६ आत घातला, काच खेकड्याच्या नाकाशी नेली म्हणा ना, आणि स्क्रीनवर त्याचे देठावरचे डोळे, मिशा, शंखाच्या तोंडावर आलेलं शेवाळ, सगळं लख्ख. एक सेंटिमीटर पाण्यात गढूळपणा किती असणार? आतोबांचे पाणबुडे आठवले.

मग दिवे. आधी दिवा लेन्सच्या अगदी शेजारी लावून पाहिला. पडद्यावर हिमवादळ. पाण्यातला प्रत्येक कण उजळून लेन्सकडे परत येत होता. कुंभार्ली घाटात धुक्यात ज्याने अप्पर लावून गाडी चालवली आहे त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. समोर पांढरी भिंत उभी राहते. मग दोन्ही दिवे पट्टीच्या टोकांना, हात पसरल्यासारखे दूर नेले आणि थोडे बाहेरच्या अंगाला वळवले. आता प्रकाशाची फक्त कड खेकड्यावर पडत होती, लेन्ससमोरचं पाणी अंधारात राहत होतं. हिमवादळ थांबलं. म्हणजे माझ्या यादीत दिव्यांच्या पुढे ‘नंतर बघू’ असं लिहिलेलं होतं, ते वर आलं आणि कॅमेरा खाली गेला. व्हिडिओला दिवा घेताना किती लुमेन, म्हणजे उजेड किती, हे सगळे विचारतात, झोत किती पसरट हे कोणी विचारत नाही. टॉर्चसारखा निमुळता झोत मध्ये पांढरा ठिपका पाडतो आणि कडा काळ्या ठेवतो. आणि कितीही दांडगा घेतला तरी पाण्यात त्याचा उजेड एक-दीड मीटरपलीकडे फारसं काही करत नाही.

फिल्टरचाही घोळ इथेच सुटला. मी लाल फिल्टर घेऊन आलो होतो, कारण सगळे तोच विकतात. तो निळ्या पाण्यासाठी. आपल्याकडच्या हिरव्या पाण्याला जांभळट गुलाबी, म्हणजे मॅजेंटा लागतो. आणि दिवे लावले की फिल्टर काढायचा, नाहीतर दिव्याच्या पांढऱ्या उजेडात सगळंच लालभडक होतं. दिवा पोचणार नाही अशा लांबच्या दृश्यांना फिल्टर, जवळ दिवा.

शेजारी एक कोळीण मावशी कातळावरची कालवं फोडून काढत होती. माझं पालथं पडणं तिने बराच वेळ पाहिलं असावं. "काय हरवलं?" तिने विचारलं. मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. खेकडा पाहून तिला काही विशेष वाटलं नाही, स्क्रीनवरचं पाणी पाहून वाटलं.

"एवढं स्वच्छ कुठलं हे?"

"हेच मावशी, इथलंच. अगदी जवळून घेतलंय."

"आता तर पाणी ढवळलेलं आहे. उधाणाचं पाणी गाळ उठवतं. अष्टमी-नवमीला बघ, भांग असतो. पाणी निवळतं."

बसल्या जागी मी बोटं मोजली. डबक्यांना उधाण चांगलं, कारण खडक उघडे पडतात. डोलीच्या, म्हणजे वाहत्या पाण्यात बांधून ठेवलेल्या, जाळ्यालाही उधाण चांगलं, पाण्याला ओढ लागते. पण बुडी मारून बघणाऱ्याला भांग, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटी हवी, पाणी कमी हलतं, गाळ खाली बसतो. आणि आमच्या मित्राने दिवस धरला होता अमावास्येचा, म्हणजे ऐन उधाणाचा! कॅमेऱ्यावर लाख रुपये घालून मी तो गाळात उतरवणार होतो. डायव्हिंगचा धंदा करणाऱ्याला हे माहीत नसेल असं नाही, पाहुण्यांच्या सुट्ट्या बघून त्याने तारीख टाकली असणार.

तेवढ्यात पाणी चढायला लागलं आणि एका लाटेने विजार गुडघ्याच्या वर भिजवली. दगड उलटे करून पाहिले होते ते होते तसे पालथे ठेवून उठलो.

घरी येऊन कॅमेरा हाउसिंगसकट गोड्या पाण्यात अर्धा तास, बटणं पाण्यातच दाबून दाबून, म्हणजे फटीतलं मीठ निघतं. संध्याकाळी फोर्टला काकांकडे जाऊन व्यवहार पूर्ण केला : टीजी-६, हाउसिंग, दोन पसरट झोताचे दिवे, दोन लवचीक हात, पट्टी. पट्टीच्या डोक्यावर माझाच गोप्रो बसवायचा, लांबच्या दृश्यांना. मूळ ओ-रिंगा दोन मागवल्या, चिपळूणला येतील. मिररलेस लग्नालाच राहील. पैसे उरले. काकांना विचारलं, निकोनॉस विकता का? नाही म्हणाले.

रविवार, तृतीया

फोर्ट बंद, नागदेवी बंद. सकाळीच मित्राला फोन लावला. अमावास्या नको, येत्या शुक्रवारी अष्टमी आहे, शनिवार-रविवार धर. तो कुरकुरला, बुकिंग झालीत म्हणाला, मग म्हणाला, "तुला हे कुणी सांगितलं?"

"वांद्र्याच्या एका मावशीने."

"बरोबर सांगितलंय," म्हणाला, आणि शनिवार धरला.

दिवसभर सामान वाळवलं, हाउसिंग उघडं ठेवून, रिंग काढून डबीत. रिंग खाचेत दाबलेलीच ठेवली तर पुन्हा चपटी पडते. बटणांवरची धूळ झटकायला आत्याने आपला जुना, मऊ पडलेला दाताचा ब्रश दिला. डबीवर ‘उघडू नये’ असं लिहून तीही आत्यानेच बांधून दिली. वरवंटा परत केला. तिने तो हुंगून पाहिला.

दादरला मध्यरात्री तुतारीत बसलो. पेटी मांडीवर घेतली, खाली ठेवायची हिंमत होईना. पनवेल गेल्यावर दिव्याच्या उजेडात शर्टाच्या बाहीकडे लक्ष गेलं तर मनीचे तीन पांढरे केस. एकेक चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडले. पेटी उघडून कॅमेरा पुन्हा एकदा बघावा असं फार वाटत होतं, ते चिपळूण येईपर्यंत आवरून धरलं.